सरासरी साठ, खड्ड्यांशी गाठ!

गणपतीला मुंबई-गोवा हायवेवरून गावी गेलेल्या माणसाला एकदा विचारून बघा, ‘काय रे, गाडीचा सरासरी वेग किती पडला?’ उत्तर मिळणार नाही, बहुतेक शिवीच मिळेल. कारण वेग त्याच्या लक्षातच नसतो. लक्षात असतो पेणच्या पुढचा जॅम, आणि तो एक खड्डा, जिथे मागच्या सीटवरच्या आजीच्या मांडीवरून मोदकाचा डबा उडाला होता. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली पोरं पुढे नोकरीला लागली, आणि मधली कित्येक वर्षं गणपतीच्या तोंडावर बातम्या आल्या त्या खड्ड्यांच्याच.

आता तुम्ही म्हणाल, टेक्नॉलॉजीच्या पानावर हायवे कशाला? सांगतो ना बॉस. ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेला प्रत्येक जण दुकानदाराला पहिला प्रश्न एकच विचारतो, ‘किती एफपीएस देतं?’ दुकानदार म्हणतो, ‘साठ आरामात.’ आपण खूश. घरी येऊन गेम लावतो, कोपऱ्यात साठचा आकडाही दिसतो, आणि तरी ऐन मारामारीत चित्र गचका खातं. साठ खरं, आणि गचकाही खरा. कारण साठ ही सरासरी आहे, आणि गचका म्हणजे खड्डा.

साठ म्हणजे नक्की किती?

एफपीएस म्हणजे फ्रेम्स पर सेकंद. सिनेमासारखंच गणित. पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे एकामागोमाग येणारी स्थिर चित्रं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर भागवतो, कारण तिथे आपण नुसते पॉपकॉर्न खात बसलेलो असतो. गेममध्ये आपण माउस हलवला की चित्र लगेच हललं पाहिजे, म्हणून गेमर मंडळींना किमान ६० तरी हवे असतात. सेकंदाला ६० म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद.

आता दोन कार्डं घ्या. पहिलं दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम देतं, घड्याळासारखं. दुसरं अर्ध्या सेकंदात ५९ फ्रेम्स फेकतं आणि साठाव्या फ्रेमसाठी उरलेला अर्धा सेकंद तुम्हाला ताटकळत ठेवतं. दोघांच्याही कागदावर आकडा एकच, ६० एफपीएस! पण दुसऱ्या कार्डावर त्या अर्ध्या सेकंदात तुमचा हीरो मेलेला असतो.

गंमत म्हणजे हा फंडा जगाला उलगडला तोही २०११ मध्येच. ‘द टेक रिपोर्ट’ या अमेरिकी साइटच्या स्कॉट वॉसनने त्या वर्षी एक लेख लिहिला आणि सांगितलं की नुसती सेकंदाची बेरीज करू नका, सेकंदाच्या आत काय चाललंय ते बघा. प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजा. तोवर आपण सगळे सरासरीवरच पैसे मोजत होतो. आज कुठलाही बरा रिव्ह्यू सरासरीच्या शेजारी आणखी एक आकडा देतो, ‘वन पर्सेंट लो’. म्हणजे सगळ्यात रेंगाळलेल्या एक टक्का फ्रेम्सचा हिशेब. ६० च्या सरासरीने मिनिटाला ३,६०० फ्रेम्स होतात. त्यातल्या सगळ्यात वाईट ३६ फ्रेम्स म्हणजे तुमचे खड्डे.

ऑफिसात नाही का, वर्षभर वेळेवर येणाऱ्या माणसाचे तीन लेट मार्क अप्रेझलच्या दिवशी बरोबर बाहेर निघतात! तसंच.

गडबची लॅब

हे सगळं पुस्तकी ज्ञान मला गडबमध्ये कामाला लावावं लागलं. गडब म्हणजे माझं आजोळ. पेणहून निघालात की वडखळ, मग डोलवी आणि मग हायवेला चिकटून गडब. एका बाजूला ट्रकांची रांग, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि पलीकडे खाडीचा वारा. जानेवारीत मी तिकडे गेलो होतो तो खरं तर पोपटी खायला. मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि शेकोटी. पण मामेभावाने मडकं निवायच्या आधीच मला खोलीत ओढलं.

हा पठ्ठ्या जवळच्याच एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. त्याच्याकडे एक असेंबल केलेला पीसी आहे, आणि त्यात सेकंडहँड, मधल्या रेंजचं, काही वर्षं जुनं ग्राफिक्स कार्ड. त्याच्यावर तो ‘सायबरपंक २०७७’ खेळतो. त्याची तक्रार एकच.

‘दादूस, जाम अडकतो रे. नवीन कार्डच घेतो आता. ४८ हजार. बारा महिने, चार-चार हजार. ईएमआयचं बोलून ठेवलंय.’

‘आणि तुझा कोर्स?’ मी विचारलं.

तो गप्प. कारण ही रक्कम त्याने भलत्याच कामासाठी बाजूला काढलेली होती. त्याला थ्रीडी आणि गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकायचंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी’ २०२० मध्ये आला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे घुसलंय. आपल्याकडच्या पोरांनी पुण्यात बसून केलेला गेम जगभर खेळला जातो, मग पेण तालुक्यातल्या पोराने का नाही शिकायचं? त्याचं बरोबरच आहे. पण चार हजार महिन्याला कार्डात गेले की कोर्स पुढच्या वर्षावर, आणि पुढचं वर्ष कसं येतं ते नोकरी करणाऱ्या माणसाला सांगायला नको.

मी म्हटलं, ‘कार्ड बदलायचं तर बदल. पण आधी त्याच्यावर खटला चालवू. गुन्हा सिद्ध झाला तर फाशी.’

परीक्षेला कुठला पेपर?

कार्ड तपासायला गेम अवघड हवा. सोप्या पेपरात सगळेच पास होतात. २००७ मध्ये ‘क्रायसिस’ आला तेव्हा त्याने भल्याभल्या कार्डांची दांडी गुल केली होती. ‘तुझ्या मशीनवर क्रायसिस चालतो का?’ हा प्रश्न पुढे जगभरचा विनोदच झाला, इतका की २०२० मध्ये गेम नव्याने काढताना कंपनीने सगळ्यात जड सेटिंगला त्याच प्रश्नाचं नाव दिलं. सायबरपंक हा आजचा तसाच पेपर. २०२० चा गेम, पण २०२३ मध्ये त्यात पाथ ट्रेसिंग आलं, म्हणजे उजेडाचा प्रत्येक किरण कुठे आपटून कुठे जातो याचा हिशेब. त्याने महागडी कार्डंही घामाघूम होतात.

या गेममध्ये तयार बेंचमार्क आहे. बटण दाबलं की साधारण मिनिटभर कॅमेरा आपोआप फिरतो आणि शेवटी आकडे देतो. सोय चांगली आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. आपण खेळतो ते गर्दीच्या रस्त्यावर भरधाव गाडी चालवत. म्हणून आम्ही आमचा स्वतःचा रूट ठरवला. एकच सेव्ह, एकच गाडी, एकच रस्ता, मधला गजबजलेला बाजार, एक मिनिट. चार वेळा चालवायचं आणि पहिली फेरी सोडून द्यायची, कारण पहिल्या फेरीत गेम सामानाची बांधाबांध करत असतो. उरलेल्या तीन फेऱ्यांचे आकडे साधारण जुळले तरच खरे मानायचे. फ्रेमचा वेळ टिपायला कॅपफ्रेमएक्स, आणि कार्डाचं तापमान आणि वापर बघायला एमएसआय आफ्टरबर्नर. दोन्ही फुकट.

मामा दारात उभे राहून बघत होते. चौथ्या फेरीला त्यांना राहवलं नाही. ‘अरे, हा खेळ आहे का परीक्षा?’

‘मामा, परीक्षाच आहे,’ मी म्हटलं. ‘पास झाला तर ४८ हजार वाचतील.’ मामा खुर्ची ओढून बसले!

कार्ड निर्दोष

निकाल असा लागला. सरासरी ६१. वा! आणि वन पर्सेंट लो? २२. म्हणजे त्या वाईट फ्रेम्सना प्रत्येकी ४५ मिलिसेकंद लागत होते. मिनिटातल्या अशा ३६ फ्रेम्सचा एकूण वेळ काढा, दीड सेकंदाच्या थोडा वर जातो. उरलेले अठ्ठावन्न सेकंद गेम मस्त पळत होता. पण भाऊ ‘अडकतो’ म्हणत होता तो या दीड सेकंदाबद्दल.

आता खरी मेख. आम्ही कार्डाचा वापर बघितला. एरवी तो ९७-९८ टक्क्यांवर होता, म्हणजे कार्ड जिवापाड काम करत होतं. आणि बरोबर गचका बसला की तो आकडा धाडकन ५५ वर यायचा. विचार करा. कार्ड कमी पडत असतं, तर गचक्याच्या वेळी ते शंभर टक्के दमलेलं दिसलं असतं. इथे ते चक्क हातावर हात ठेवून बसत होतं. म्हणजे त्याला कामच मिळत नव्हतं. पोळ्या करणारा तयार आहे, तवा तापलाय, पण कणीक मळणारा गायब!

कणीक मळणारा शोधायला पाच मिनिटं लागली. कॅबिनेट उघडलं तर रॅमची एकच स्टिक, ८ जीबीची. आणि गेम टाकलेला जुन्या हार्ड डिस्कवर. २०२३ पासून या गेमची किमान गरजच १२ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. रॅम भरली की विंडोज सामान डिस्कवर ढकलतं, आणि जुनी हार्ड डिस्क म्हणजे आपला सिंगल लेन रस्ता, समोरून ट्रक आला की थांबा. शिवाय एकाच स्टिकमुळे प्रोसेसर आणि रॅममधली ये-जा एकाच लेनमधून. दोन स्टिका योग्य खाचांत बसवल्या की दोन लेन होतात, ज्याला ड्युअल चॅनल म्हणतात.

२०२५ च्या अखेरीला एआयवाल्यांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, त्यामुळे नवीन घेताना खिसा चाचपावा लागतो. आम्ही तशीच ८ जीबीची दुसरी स्टिक सेकंडहँड मिळवली आणि एक साधी एसएसडी घेतली. कार्डाच्या किमतीपुढे हा खर्च म्हणजे वडापाव. मग पुन्हा तोच रूट, पुन्हा चार फेऱ्या.

सरासरी ६१ वरून ६६. फक्त पाचने वाढ! दुकानात कुणी सांगितलं असतं की ‘पैसे द्या, पाच एफपीएस वाढवतो’, तर आपण हसत बाहेर पडलो असतो. पण वन पर्सेंट लो २२ वरून ४७ वर गेला. दुपटीच्याही वर. भावाने गाडी बाजारातून भरधाव काढली आणि एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्यांदा काढली. मग म्हणाला, ‘दादूस, हा तोच गेम आहे?’

गेम तोच, कार्ड तेच, खड्डे बुजले होते.

मे महिन्याची दुपार

केस इथेच संपली असं वाटत असेल तर थांबा. जानेवारीतल्या थंड रात्री घेतलेली परीक्षा कोकणात वर्षभर चालत नाही. मे महिन्यात भावाचा फोन आला, ‘सुरुवातीला मस्त चालतो, मग मंदावतो.’ मी त्याला सांगितलं, तोच रूट चालव, पण अर्धा तास खेळून झाल्यावर. पहिल्या दहा मिनिटांत आकडे जुनेच होते, अर्ध्या तासाने सगळेच खाली.

याचं कारण साधं आहे. कार्डावरचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा कार्डावर फिरवतो. पंख्याचा वेग तोच ठेवला आणि खोली १० अंशांनी तापली, तर कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं. आणि ८०-९० अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक कार्डं जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतात. एसी लावलेल्या लॅबमध्ये बसून लिहिलेल्या रिव्ह्यूमध्ये हा प्रसंग येतच नाही. गडबमध्ये दुपारी येतो. ठाण्याच्या वन रूम किचनमध्येही येतो.

इलाज? कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढलं. मशीन बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने जाळीतली धूळ झाडली. हायवेची धूळ आणि खाडीचा दमटपणा मिळून जो काही थर बसतो, तो बघून मामी म्हणाली, ‘माझ्या चिमणीत एवढं नसतं!’ एवढ्यावर मे महिनाही निभावला.

पावसाळ्यासाठी एक टिप. वीज गेली तर मशीन नीट बंद करता यावं म्हणून आपण ऑफिसवाला ६०० व्हीएचा यूपीएस लावतो. तो साधारण ३६० वॉटचाच असतो. वर्ड-एक्सेलला भरपूर, पण गेम चालू असताना कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तेवढ्याला सहज टेकू शकतात. ऐनवेळी तोच मान टाकतो आणि आपण कार्डाला दोष देतो.

मार्क वाढवायचे धंदे

इतका खटाटोप आपणच करायचा, तर कंपन्यांचे आकडे असतात कशाला? असतात ना, पण ते वाचायला थोडा संशयी स्वभाव लागतो. २००१ मध्ये काही रिव्ह्यूवाल्यांनी ‘क्वेक ३’ या गेमच्या फाइलचं नाव बदलून ‘क्वॅक’ केलं. गेम तोच, नाव फक्त वेगळं. आणि एटीआयच्या कार्डाचा वेग घसरला! ड्रायव्हर म्हणे नाव ओळखून चित्राचा दर्जा कमी करून मार्क वाढवत होता. २००३ मध्ये ‘थ्रीडीमार्क ०३’ या टेस्टच्या कर्त्यांनी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर तसलाच आरोप केला. पुढे दोघांनी एकत्र निवेदन काढून त्याला चीटिंग नाही, ‘ऑप्टिमायझेशन’ म्हटलं. कॉपी केलेल्या पोराला ‘मित्राशी चर्चा केली’ म्हणावं, तसं!

आजचा प्रकार जास्त सफाईचा आहे आणि लपवलेलाही नाही. त्याचं नाव फ्रेम जनरेशन. कार्ड खऱ्या दोन फ्रेम्सच्या मध्ये एआयने अंदाज बांधून आणखी फ्रेम्स घुसवतं. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने स्टेजवरून सांगितलं की ५४९ डॉलरचं त्यांचं नवं ५०७० कार्ड आधीच्या पिढीच्या बड्या ४०९० ची बरोबरी करेल. त्या बरोबरीत अशा बनवलेल्या फ्रेम्सचा मोठा वाटा होता. चित्र गुळगुळीत दिसतं, हे खरं. पण तुम्ही माउस दाबला तर त्याला उत्तर खरी फ्रेमच देते. खऱ्या फ्रेम्स ३० असतील तर पडद्यावर १२० दिसल्या तरी हाताला ते तीसच वाटतात. म्हणून आकडा वाचताना आधी विचारा, फ्रेम जनरेशन चालू करून की बंद करून?

तुमच्यासाठी होमवर्क

कार्ड घ्यायला लॅमिंग्टन रोडला निघायच्या आदल्या रविवारी एवढं करा. तुम्ही जो गेम खरंच खेळता, त्यातला तुम्हाला जिथे त्रास होतो तोच एक मिनिटाचा तुकडा निवडा. चार वेळा चालवा, पहिली फेरी सोडा, उरलेल्या लिहून ठेवा. मग अर्धा तास खेळून पुन्हा तेच करा. सरासरी बघा, पण नजर वन पर्सेंट लोवर ठेवा. हा आकडा काढायची पद्धत प्रत्येक सॉफ्टवेअरची थोडी वेगळी असते, म्हणून आधीचं आणि नंतरचं एकाच सॉफ्टवेअरने मोजा. गचक्याच्या क्षणी कार्डाचा वापर ९५ च्या वर असेल तर कार्ड खरंच थकलंय, आधी सेटिंग्ज उतरवून बघा आणि मग खुशाल नवीन घ्या. वापर धाडकन खाली येत असेल तर कार्डाला सोडा, रॅम, डिस्क आणि प्रोसेसरला पकडा.

भावाने ईएमआयवाल्याला नाही म्हणून सांगितलं. कोर्सची फी अजून भरलेली नाही, शिफ्टचं गणित जुळवणं चाललंय. पण त्याने वहीत तारखा टाकून सगळ्या फेऱ्यांचे आकडे लिहिलेत, तापमानासकट. ती वही मला गेल्या खेपेला दाखवली. मी म्हटलं, ‘अरे, गेम कंपनीत याच कामाला क्यूए म्हणतात आणि वर पगार देतात.’ तो म्हणाला, ‘माहितीये. म्हणूनच लिहितोय.’

आणि हो, सगळ्यात आधी एक करा. मॉनिटरची वायर कॅबिनेटच्या मागे नक्की कशाला लावलीय ते बघा. मदरबोर्डाला लावली असेल, तर तुमचं हजारो रुपयांचं कार्ड कदाचित आत नुसतं बसून आहे. हसू नका. उठा, बघून या.